नावाड्यांच्या सिनेमात कोण कोण

रेडिओ हे नाव त्याला त्याच्या सासूने दिलं, तेही लग्नाला महिना व्हायच्या आत. म्हणजे माणूस ओळखायला तिला फार वेळ लागला नाही. पुढे ते नाव घरातून दुकानात आलं आणि दुकानातून गल्लीभर झालं. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे. बायको तेवढी त्याला 'अहो' म्हणते, पण ती ज्या सुरात 'अहो' म्हणते तो सूर ऐकला की रेडिओच बरा वाटतो.

त्याचं केस कापायचं दुकान आहे. खुर्च्या दोन, त्यांतली एकच वरखाली होते. दुसरी कधीचीच एका उंचीवर रुसून बसली आहे, तिच्यावर वाट बघणारी माणसं बसतात. समोर भिंतभर आरसा, आरशाखाली फळी, फळीवर कात्र्या, कंगवे, पाणी मारायची बाटली आणि तुरटीचा खडा. आता केस कापणाऱ्याचं एक असतं. तो गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभा राहतो आणि दोघंही बघतात समोर. त्यामुळे गप्पा, हसणं, कुरकुर, सगळं आरशात चालतं. हाताखाली नुसतं डोकं असतं. ज्याच्याशी बोलायचं तो माणूस काचेत. बापाच्या हाताखाली वस्तरा धरायला शिकला तेव्हापासून रेडिओ जगाशी असाच बोलत आला. "यांचं तोंड चालतं आणि हातही चालतो, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नसतो," असं त्याची बायको म्हणते. तिचं म्हणणं खरं ठरल्याचे प्रसंग रेडिओच्या आयुष्यात काही कमी नाहीत. त्यांतला एक तर त्याला चांगलाच महागात पडला असता.

रस्त्याच्या पलीकडे, दुकानाच्या अगदी समोर, घड्याळजीचं दुकान होतं. पुढे दुकान आणि मागे राहायची खोली. घड्याळजी बारीक अंगाचा, कमी बोलणारा, शब्दसुद्धा चिमट्याने उचलून ठेवावेत तसे ठेवणारा. या दोघांची मैत्री जमेल असं कुणी पैजेवरसुद्धा म्हटलं नसतं. ती जमवली एका कादंबरीने. रेडिओ भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन गेला, तर काउंटरवर एक फाटक्या पुठ्ठ्याचं पुस्तक पालथं पडलेलं.

"अरे वा, ही तर नावाड्यांची! कुठवर आलात?"

घड्याळजीने डोळ्याचं भिंग काढलं. "पाचव्यांदा वाचतोय. कुठवर आलो याला काही अर्थ नाही."

घड्याळ आठवड्यात दुरुस्त झालं, पण रेडिओचं तिथे जाणं काही थांबलं नाही. 'अहो-जाहो' कधी 'अरे-तुरे' झालं ते दोघांनाही सांगता येणार नाही.

कादंबरी साधी आहे. एका नदीवर दोन नावाडी, थोरला आणि धाकटा. भाऊ नव्हेत, मित्र. दोघांत मिळून एक नाव. एकदा ती नाव नीट बांधायला कोण विसरलं यावरून भांडण होतं, आणि ते इतकं चिघळतं की थोरला या काठावर राहतो नि धाकटा त्या काठावर. वर्षानुवर्षं अबोला. काठावर चहा विकणारी एक विधवा दोघांचे निरोप पोचवून थकते. जकातीवरचा एक लबाड अंमलदार त्यांची नाव हडपायला टपलेला असतो. शेवटी धाकटा, जो इतकी वर्षं नावेवर काढूनही पोहायला शिकलेला नाही, तो एकटा नदी ओलांडतो आणि थोरल्याच्या दारात येऊन उभा राहतो. त्या पानाशी आलं की रेडिओ दर वेळी रडायचा आणि घड्याळजी दर वेळी भिंग पुसायला घ्यायचा.

असल्या कादंबरीवर कुणी सिनेमा काढला नाही, हे दोघांचं कायमचं दुखणं. मग आपणच काढायचा ठरला तर कोणाकोणाला घ्यायचं, हा त्यांचा खेळ सुरू झाला. नियम घड्याळजीने घातला होता: नटनट्या नकोत.

"का? चांगले देखणे असतात की."

"त्यांचे चेहरे आधीच कुणाकुणाचे झालेले असतात. राजा होऊन गेलेला माणूस नावाडी म्हणून आला तर मला तो राजाच दिसतो. आपली माणसं घ्यायची."

म्हणून गल्लीतली माणसं. चहावाली विधवा कोण, तर औषधाच्या दुकानातली बाई. कारण ती गोळ्यांची पट्टी पुढे करते तेव्हा अशी बघते की अर्धा आजार तिथेच लाजून बरा होतो. नदीकाठच्या शाळेतला भित्रा मास्तर म्हणून पोस्टमन. पोस्टमनला या मानाची कल्पनाही नव्हती. फक्त दोन पात्रांना दोघंही हात लावत नसत, थोरला आणि धाकटा. "बघू, अजून वेळ आहे," असं म्हणत ते दोघांनी कित्येक वर्षं ढकललं.

आणि मग घड्याळजीचे डोळे गेले. काचबिंदू. आधी कडेचं दिसेनासं झालं. ते त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण घड्याळ मधल्या नजरेनेच बघायचं असतं. मग मधलंही गेलं. ज्या माणसाने जन्मभर केसाएवढे स्क्रू फिरवले त्याला आता पेल्यात पाणी किती आहे ते बोट बुडवून बघावं लागायचं. दुकानाचं शटर खाली आलं ते कायमचं. त्याने खोलीच्या दाराला आतून कडी घातली आणि बाहेर पडणंच सोडलं. रेडिओशिवाय कुणाला आत घेईना. चाचपडताना कुणी आपल्याला बघावं हे त्याला सहन होत नव्हतं, आणि दारासमोरच्या रस्त्याची तर त्याला चक्क भीती वाटायची. ती त्याने रेडिओजवळ एकदाच बोलून दाखवली, पुन्हा कधी नाही.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक लेक, ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात. तिने घडीची पांढरी काठी आणून दिली, ती कपाटात पडून राहिली. शेवटी ती रेडिओच्या दुकानात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "काका, बाबा खोलीत कोंडून घेऊन राहणार असतील तर मी त्यांना घेऊन जाणार. ते स्वतः बाहेर पडायला लागले तर माझं काही म्हणणं नाही. पण हे असं नाही चालणार. काही झालं तर दार फोडावं लागेल."

तिचं काही चुकत नव्हतं. पण घड्याळजीला जायचं नव्हतं. या खोलीतला खिळान् खिळा त्याच्या ओळखीचा. तिकडे फ्लॅटमध्ये तो कुणाच्या तरी सोफ्यावर ठेवलेली वस्तू झाला असता. आणि रेडिओला तर त्याला जाऊच द्यायचं नव्हतं. त्याच्या गिऱ्हाइकांची संख्या मोठी, पण मित्र विचाराल तर एकच.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी रेडिओ पिशवीत वस्तरा, ब्रश आणि साबण घालून रस्ता ओलांडायचा. मित्राची दाढी करायची आणि मग नावाड्यांची कादंबरी मोठ्याने वाचायची. एकदा वाचताना घड्याळजी म्हणाला, "थांब. राहू दे."

"का रे? माझा आवाज खराब आहे का?"

"आवाज ठीक आहे. शब्द ऐकू येतात, माणसं दिसत नाहीत." त्याने हात पुढे करून उघड्या पानावर ठेवला. "डोळे गेले ते गेले. आता आतलंही पुसट व्हायला लागलंय रे. परवा हिचा चेहरा आठवायला बसलो. कपाळ आलं, डोळे आले, हनुवटीपाशी अडकलो. मग वाटलं, डोळे तरी तिचेच आहेत का, की मी दुसऱ्याच कुणाचे बसवतोय?"

रेडिओने पुस्तक मिटलं. तो म्हणाला, "मग आपण माणसं घालूनच वाचू. आता चहावाली येणार. कोण घेतली होती आपण?"

"औषधवाली बाई."

"सांग, कशी आहे ती?"

"नाक जरा बसकं," घड्याळजी सावकाश म्हणाला. "हसताना डावा डोळा आधी बारीक होतो. चष्मा केसांत खोचलेला असतो आणि तोच शोधत असते."

"हां! आता ती चहा ओततेय."

आणि घड्याळजी हसला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा हसला. रेडिओने त्या दिवशी घरी जाऊन बायकोला इतकं सांगितलं की ती म्हणाली, "अहो, जेवा आता, चहावाली कुठे पळून जात नाही."

तेव्हापासून खेळ नव्याने रंगला. घड्याळजी चेहरे आठवायचा आणि रेडिओ ते बरोबर आहेत की नाही ते सांगायचा. आठवलेला एकेक चेहरा खरा निघाला की घड्याळजी ताठ बसायचा. त्याने खिडकी उघडायला सुरुवात केली. एकदा तर "पोस्टमनचा आवाज मास्तरला शोभेल का, ते ऐकायला हवं" म्हणून तो दारापर्यंत आला, कडी काढली, आणि रस्त्यावरून एक ट्रक गेला तशी पुन्हा लावली. रेडिओ मनात म्हणाला, आता घोडामैदान जवळ आलं.

आणि इथेच त्याने माती खाल्ली.

लबाड अंमलदाराचं ठरत होतं. घड्याळजीने बेकरीवाल्याचं नाव काढलं. बेकरीवाला म्हणजे स्वभावाने अगदी गरीब. पाव देताना वर एक बिस्कीट ठेवणारा. पण त्याच्या गालावर एक ठसठशीत चामखीळ आहे, आणि घड्याळजीच्या मते लबाड माणसाचा चेहरा असा साधाच असावा, त्यात एखादीच गोष्ट खटकणारी. "तो उजवा गाल पुढे करून बोलेल," घड्याळजी रंगात येऊन म्हणाला, "म्हणजे आधी ती चामखीळ दिसेल आणि मग माणूस."

"उजवा नाही, डावा," रेडिओ म्हणाला. त्याच्या हातात ब्रश होता आणि तो मित्राच्या गालाला साबण लावत होता.

"उजवा रे. काउंटरवर माझ्यासमोर उभा राहायचा तो."

"डावा! अरे, दर आठवड्याला माझ्या खुर्चीत बसतो तो. मला समोर दिसतोय आत्ता. तू त्याला बघून किती दिवस झाले?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून गेल्यावर रेडिओला कळलं, पण तोवर घड्याळजीचा चेहरा बदलला होता.

"असेल," तो म्हणाला. "तू रोज बघतोस. मी आपला खात्रीने सांगत होतो." मग स्वतःशीच, "तेही गेलं म्हणायचं."

"अरे, चामखिळीचं काय एवढं! दुसरं बघू. मास्तरचा—"

"नको. मला जे दिसतं ते मीच बनवतोय, आणि तू माझं मन राखायला हो हो म्हणत होतास. आज विसरलास, एवढंच." त्याने टॉवेल घेऊन साबण पुसून टाकला. अर्धी दाढी तशीच राहिली.

पुढच्या सुट्टीला रेडिओ गेला तेव्हा कादंबरी फळीवर मागे सरकवलेली होती आणि घड्याळजी खाटेवर बसून शर्टांच्या घड्या घालत होता. "लेकीला हो सांगितलंय," तो म्हणाला. "शनिवारी येतेय न्यायला. इथे राहून तरी काय? जे नाहीच ते आठवत बसायचं?"

त्या दिवशी घरी रेडिओ जेवला नाही. बायकोने सगळं ऐकून घेतलं. "तुम्हाला जिंकायचं होतं कशाला?" तिने विचारलं.

"जिंकायचं कुठे? खरं ते सांगितलं."

"खरं सांगायला डॉक्टर आहेत की. मित्राने एका गालाचं सोडून दिलं असतं तर काय बेकरी बंद पडली असती?"

रेडिओचं दुःख मात्र खरं होतं. त्याला एकसारखं वाटत होतं की आपणच मित्राला हाताने धरून उंबऱ्याशी आणलं आणि आपणच आत ढकलून दिलं.

शनिवारी सकाळी दुकानात बेकरीवाला आला. रेडिओ आज गप्प होता, म्हणून बेकरीवाल्याने विचारलंही, "तब्येत बरी आहे ना?" रेडिओने नुसती मान हलवली, त्याच्या तोंडाला साबण फासला आणि वस्तरा उघडला. पलीकडचं बंद शटर दारातून दिसत होतं. थोड्याच वेळात लेक येणार होती. तो न बोलता दाढी करत होता, आणि बोलणं नसल्यामुळे आरशात बघायचं काही कारणच नव्हतं. तो हाताकडे बघत होता. वस्तरा कानाजवळून खाली आला, गालाच्या मध्यावर थबकला, एका बाजूला वळला आणि चामखिळीला वळसा घालून पुढे गेला.

रेडिओने हात थांबवला. त्याने वाकून पाहिलं. हा उजवा गाल होता.

त्याने मान वर करून आरशात पाहिलं. आरशातला बेकरीवाला त्याच्याकडे तोंड करून बसला होता आणि त्याच्या डाव्या गालावर चामखीळ होती. पुन्हा खाली पाहिलं, उजव्या. आरशात डाव्याचं उजवं होतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण रेडिओने बेकरीवाल्याला, पोस्टमनला, सगळ्या गल्लीलाच जन्मभर काचेत पाहिलं होतं. त्याच्या हाताला खरा गाल माहीत होता. दर आठवड्याला हात न चुकता वळसा घालत होता. तोंडाला मात्र काचेतला माहीत होता, आणि त्या तोंडाने त्याने ज्याला डोळे नाहीत त्याला ठासून सांगितलं होतं की तू चुकतोस.

"बसून राहा," त्याने बेकरीवाल्याला सांगितलं. "हलू नका."

"अहो, अर्धीच झालीय—"

पण रेडिओ रस्त्यावर पोचलाही होता. घड्याळजीने कडी काढायला वेळ लावला. दार उघडताच रेडिओने एका दमात सगळं सांगून टाकलं: आरसा, वस्तरा, वळसा, उजवा गाल. "तूच बरोबर होतास! मी गाढव आहे! तुला नीट आठवत होतं!"

घड्याळजीने ऐकून घेतलं. मागे खाटेवर बांधलेली बॅग होती. "बरं सुचलं तुला," तो शांतपणे म्हणाला. "रात्रभर विचार केला असशील."

"म्हणजे?"

"म्हणजे मी जाऊ नये म्हणून तू गोष्ट रचून आणलीस. आरशाची कल्पना चांगली आहे. कादंबरीत शोभेल."

"अरे, शपथ घेऊन सांगतो! त्यालाच घेऊन येतो इथे—"

"खबरदार. माझ्या खोलीत कुणी यायचं नाही."

ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. रेडिओ संतापून हात उडवायला गेला, तर हातात उघडा वस्तरा. तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण वस्तरा घेऊनच रस्ता ओलांडून आलो. "मग नको मानूस!" तो ओरडला. "तो बसलाय माझ्या खुर्चीत, तोंडाला साबण लावून. हिंमत असेल तर ये आणि हात लावून बघ!"

आणि तो निघून आला. रस्ता ओलांडता ओलांडताच त्याला आपल्या बोलण्याची लाज वाटली. आंधळ्या माणसाला हिंमत विचारायची? परत जाऊन माफी मागावी असं वाटलं, पण बेकरीवाला आरशातून केविलवाण्या नजरेने बघत होता. रेडिओने वाळलेल्या साबणावर पाणी मारलं आणि ब्रश उचलला. डोळ्यांत पाणी येत होतं ते त्याने खांद्याला पुसलं.

दुसऱ्या गालाला ब्रश लावणार एवढ्यात बाहेर एका गाडीचा हॉर्न वाजला. मग कुणीतरी "सांभाळून, सांभाळून" म्हणालं. मग पायरीवर टक असा आवाज झाला. पुन्हा एकदा टक.

दारात घड्याळजी उभा होता. शर्टाची बटणं एक सोडून एक लागलेली, पायांत घरातली चप्पल, हातात ती कपाटातली काठी, अजून अर्धीच उघडलेली. चेहरा घामाने डबडबला होता. रेडिओ जागच्या जागी उभा राहिला. त्याला धावत जाऊन मित्राचा हात धरायचा होता.

"बसलाय का अजून?" घड्याळजीने विचारलं.

"मी बसलोय," बेकरीवाला म्हणाला. "पण हे काय चाललंय ते मला कुणी—"

"बोलू नका. आवाज कुठून आला ते कळलं." तो काठीने चाचपत आला. खुर्चीच्या पुढे गेला, आरशाकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. ज्या बोटांनी केसाएवढे स्क्रू फिरवले ती बोटं हळूहळू सरकत गेली. कपाळ, नाक, मग साबणाचा गाल. चामखिळीपाशी थांबली.

"हा तुमचा उजवा हात?" त्याने बेकरीवाल्याचा दंड चाचपून विचारलं.

"हो."

घड्याळजी तसाच उभा राहिला. बोट गालावर आणि हात दंडावर. "त्याच बाजूला आहे," तो म्हणाला. मग त्याने दोन्ही हात खाली घेतले. "म्हणजे मला हिचा जो चेहरा दिसतो, तो तिचाच आहे. मी बनवलेला नाही."

आणि तो दुसऱ्या, रुसलेल्या खुर्चीवर बसला आणि साबणाच्या हाताने तोंड झाकून रडला. रेडिओही रडला, त्याला रडायला तसंही फार लागत नाही. बेकरीवाल्याला कशाचाच पत्ता नव्हता, पण माणूस गरीब, त्याने आपल्या गळ्यातला टॉवेल काढून घड्याळजीला दिला.

तोवर लेक आली. ती आधी पलीकडे गेली असणार, कारण धावत आली ती पांढरीफटक पडून. "काका, दार उघडं आहे, बाबा—" आणि तिने पाहिलं. बाबा खुर्चीत बसून बेकरीवाल्याला सांगत होते की तुम्ही जकातीवरचे अंमलदार आहात, पण मनाला लावून घेऊ नका.

"बाबांना कोणी आणलं?" तिने विचारलं.

"मी नाही," रेडिओ म्हणाला. "देवाशपथ मी नाही. मी तर भांडून आलो होतो."

लेक बापासमोर गुडघ्यांवर बसली. त्याच्या शर्टाची चुकलेली बटणं काढून एकेक नीट लावायला लागली. "रस्ता?" शेवटच्या बटणाशी तिने विचारलं.

"घाबरलो," घड्याळजी म्हणाला. "मधे एकदा वाटलं, परत फिरावं. पण परत फिरायलाही तेवढंच चालायचं होतं."

"आता काय करायचं, बाबा? बॅग बांधलीय तुम्ही."

"येईन की. चार दिवस येईन, पाहुणा म्हणून. पाहुण्याला एवढी मोठी बॅग लागत नाही." त्याने तिचे हात धरले. "मग मला परत आणून सोड. मी इथेच राहीन."

"आणि रोज बाहेर पडाल?"

"याच्याशी भांडण असेल तेव्हा नाही."

"म्हणजे कधीच नाही," रेडिओ म्हणाला, आणि लेक रडता रडता हसली. तिने मान डोलावली. कबूल.

मग घड्याळजीने रेडिओच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "आता एक ठरवून टाकू. धाकटा मी."

रेडिओला आत कुठेतरी खट्टकन लागलं. कधी बोलला नव्हता, पण धाकटा त्याने पहिल्यापासून स्वतःसाठी ठेवला होता. पिशवी घेऊन दर सुट्टीला रस्ता ओलांडणारा कोण? मित्राच्या दारात जाऊन उभा राहणारा कोण? तो मनातल्या मनात कधीचाच धाकटा होऊन बसला होता, आणि त्याचा त्याला थोडा गर्वही होता.

"मग मी कोण?" त्याने विचारलं.

"थोरला. काठावर बसायचं आणि वाट बघायची. यापुढे सुट्टीच्या दिवशी तू नाही यायचंस. मी येईन."

"मला वाट बघणं जमणार नाही रे."

"शिकशील," घड्याळजी म्हणाला आणि उठला. लेकीने हात पुढे केला, तो त्याने हळूच बाजूला केला. "तू इथेच थांब. मी जाऊन बॅग सोडतो. लहान पिशवी भरतो. मग तू ये."

काठी आता पूर्ण उघडली होती. पायरी उतरताना त्याने ती दोनदा आपटली, मग कडेला थांबून कान दिला. डावीकडून एक सायकल गेली. एक गाडी गेली. त्याने पाऊल टाकलं.

रेडिओ आणि लेक दारात उभे होते. रस्त्याच्या मध्यावर घड्याळजी थोडा तिरका गेला, शटर सोडून शेजारच्या खांबाकडे. "डावीकडे घे" असं रेडिओच्या ओठांवर आलं. त्याचा एक पाय पायरीखाली उतरलासुद्धा, लेकीने त्याचं मनगट धरलं. तो पाय त्याने मागे घेतला. आयुष्यात इतकं कठीण काम त्याने केलं नव्हतं. आपण इतकी वर्षं समजत होतो की ओलांडून जाणारा मोठा, आणि इथे उभं राहून नुसतं बघणाऱ्याचा जीव असा टांगणीला लागतो, हे त्याला आज कळत होतं. आणि त्याच क्षणी तो इतका सुखात होता की पुन्हा डोळे भरून आले.

तिकडे काठी खांबाला लागली. घड्याळजी थांबला, त्याने खांब हाताने चाचपला आणि तो वळला.

"अहो," मागून बेकरीवाला म्हणाला, "माझा एक गाल राहिलाय."

"थांबा जरा," रेडिओ मागे न बघता म्हणाला. "तो अजून पोचायचाय."